एनजीसी ४९९३: नवे तारे जन्मत नसलेल्या दीर्घिकेत न्यूट्रॉन तारे आले कुठून?

निरभ्र

नमस्कार मंडळी. वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेबद्दल वाचतोय. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (फुटलेल्या जड ताऱ्यांच्या उरलेल्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या आणि काही तासांत त्या टकरीचा प्रकाशही सापडला, तीच ही. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर.

वाचलं तेवढं समजलं, पण एक गोष्ट काही केल्या पचत नाही. ही भिंगाकृती दीर्घिका आहे म्हणतात. म्हणजे तबकडी आहे, मधे फुगवटा आहे, पण सर्पिल हात नाहीत, वायू जवळपास संपलेला, नवे तारे जन्मणं बंद. आता न्यूट्रॉन तारा कशापासून बनतो? सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड ताऱ्यापासून. आणि असले जड तारे काही कोटी वर्षांतच फुटून मोकळे होतात. मग जिथे ताऱ्यांचा जन्मच कधीचा थांबलाय तिथे ही जोडी आली कुठून? म्हाताऱ्यांच्या वाड्यात बारसं चाललंय असं वाटतं मला.

आणखी दोन शंका. एकीकडे या दीर्घिकेचा शोध १७८९ सालचा देतात आणि सूचीत तिला ४९९३ व ४९९४ असे दोन क्रमांक आहेत, ते कसं? आणि शेवटचं म्हणजे, माझ्याकडे आठ इंची डॉब, म्हणजे हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण आहे. मोटर नाही, आपोआप तारा शोधून देणारं गोटू नाही. यातून ही दिसेल का, आणि शोधू कशी?

तिरकी नजर

शेवटून सुरू करते, कारण बाकीचं कोणीही सांगेल, हे सांगणारे कमी.

दिसते. आकाश अंधारं हवं आणि चंद्र नको, एवढीच अट. तेजस्विता १२.४ च्या आसपास (आकडा जितका मोठा तितकं अंधुक), आकार चंद्रबिंबाच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढा. आठ इंचीला अवघड आहे, अशक्य नाही.

शोधायला मात्र ही दीर्घिका बिनमोटरवाल्यांसाठीच ठेवल्यासारखी आहे. हस्त नक्षत्राची चौकट ओळखता ना? दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की चौकटीचा खालचा डावा तारा, तो बीटा कॉर्व्ही. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, दक्षिण २३ अंश २४ मिनिटं. एनजीसी ४९९३ ची दक्षिण २३ अंश २३ मिनिटं. म्हणजे दोघं आकाशात एकाच वाटेने जातात, एक पुढे आणि एक मागे. विषुवांशातला, म्हणजे आकाशातल्या रेखांशातला फरक (तो वेळेत मोजतात) ३५ मिनिटं आणि वर काही सेकंद. तेव्हा सगळ्यात कमी शक्तीची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावा, बीटा कॉर्व्ही बरोबर मधोमध आणा, घड्याळ बघा आणि हात मागे घ्या. साधारण साडेपस्तीस मिनिटांनी दीर्घिका आपल्या पायांनी त्याच जागी येते. मोटर असलेल्यांना हे करायचं तर आधी मोटर बंद करावी लागते.

हात मागे घ्या म्हणजे खरंच घ्या. मधल्या वेळात आयपीस बदलायचा मोह होतो. ती काढली की डॉबच्या तोंडाकडचं वजन कमी होतं आणि नळी किंचित वर उचलली जाते. तुम्हाला ते कळतही नाही आणि मग पाऊण तास काळं आकाश बघत बसता. जी आयपीस सुरुवातीला, तीच शेवटपर्यंत. बसायचं सोडून उभं राहायचं असेल तर दुर्बिणीपासून लांब उभं राहा; सतरंजीवर ठेवलेल्या डॉबशेजारी माणूस हलला तरी तारा हलतो.

आणखी एक सावधगिरी. ती यायच्या जवळजवळ तीन मिनिटं आधी, अर्ध्या चंद्रबिंबाएवढी दक्षिणेला, एनजीसी ४९६८ नावाची दुसरी दीर्घिका जाते. त्याहून दक्षिणेला एनजीसी ४९७०. डॉबमध्ये चित्र उलटं, म्हणजे दक्षिण वरच्या अंगाला. वरच्या बाजूला काही धूसर दिसलं की लगेच उड्या मारू नका, तुमची पाहुणी अजून यायची आहे. ती आली की मधे टोकदार ठिपका आणि भोवती कडा नसलेलं धुकं, असं दिसतं. थेट बघितलं तर ठिपकाच उरतो. नजर बाजूच्या एखाद्या ताऱ्यावर ठेवा, मग धुकं पसरतं. चुकून निसटली तर पूर्वेला दोन अंशांवर गॅमा हायड्रे हा नुसत्या डोळ्यांना दिसणारा तारा आहे. तो चित्रेच्या दक्षिणेला बारा अंशांवर. तिथून पश्चिमेकडे मागे या.

आता १७८९. २६ मार्चच्या रात्री विल्यम हर्शेलने ही दीर्घिका टिपली. इंग्लंडमधल्या स्लाऊ इथली त्याची वीस फुटी दुर्बीण, आरसा सुमारे ४७ सेंटिमीटरचा. त्या अक्षांशावरून ही क्षितिजाच्या वर फार तर १५ अंश येते. क्षितिजाजवळच्या दाट हवेतून, पॉलिश उतरत जाणाऱ्या धातूच्या आरशातून त्याने हा डाग पकडला, याचं मला जास्त कौतुक आहे. पद्धत मी वर सांगितली तिचीच थोरली बहीण. दुर्बीण दक्षिणोत्तर थोडी वरखाली करत राहायची आणि आकाश वाहू द्यायचं. तो जे दिसेल ते ओरडून सांगायचा आणि बहीण कॅरोलिन वेळ व वर्णन लिहून घ्यायची. त्या काळी या डागांना तेजोमेघच म्हणत. आपल्या आकाशगंगेबाहेर इतर दीर्घिका आहेत हे पक्कं व्हायला १९२० चं दशक उजाडलं. ४९९३ आणि ४९९४ ही एकाच दीर्घिकेची दोनदा झालेली नोंद. ड्रायर या खगोलशास्त्रज्ञाने १८८८ साली एनजीसी ही सूची छापली तेव्हा दोन्ही नोंदी वेगवेगळ्या क्रमांकांनी आत गेल्या, बाकी त्यात गूढ काही नाही.

आणि भिंगाकृती हा वर्ग हर्शेलच्या स्वप्नातही नव्हता. एडविन हबलने १९३६ साली लंबवर्तुळाकार आणि सर्पिल यांच्या मधे एस-झीरो नावाचा एक खण सोडला, तोही आधी केवळ अंदाजाने. नंतर त्या खणात बसणाऱ्या दीर्घिका ढिगाने सापडल्या.

तुमच्या मुख्य प्रश्नाला वेगळं लिहिते. तो चांगला आहे.

तिरकी नजर

हं, तर बारसं.

तुमचं गणित बरोबर आहे, फक्त एक पायरी राहिली. न्यूट्रॉन तारे जन्मणं आणि ते आदळणं यात किती वेळ जातो? तारे फुटले, दोन न्यूट्रॉन तारे मागे उरले, ते एकमेकांभोवती फिरतायत. फिरताना गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गळत राहते आणि कक्षा आक्रसत जाते. पण ही गळती सुरुवातीला अगदी किरकोळ असते.

याचा पुरावा आपल्याच आकाशगंगेत आहे. हल्स आणि टेलर यांनी १९७४ साली शोधलेली जोडी. पावणेआठ तासांत एक फेरी. कक्षा वर्षाला साधारण साडेतीन मीटरने लहान होते, तीस कोटी वर्षांनी ते एकमेकांत मिसळतील. आता मजा बघा. लागणारा वेळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. हीच जोडी, कक्षेचा लांबटपणाही हाच, पण अंतर दुप्पट धरा. वेळ सोळापट. तीस कोटींचे जवळपास पाच अब्ज झाले, म्हणजे आपल्या सूर्याच्या वयाहून जास्त. जन्माच्या वेळी दोघांमधलं अंतर थोडं कमी की थोडं जास्त, एवढ्यावर टक्कर कोट्यवधी वर्षांनी की अब्जावधी वर्षांनी हे ठरतं.

म्हणून एनजीसी ४९९३ मध्ये नवं कोणी जन्मलं असं मानायची गरज नाही. तिथले बहुतेक तारे अनेक अब्ज वर्षं जुने आहेत. जड तारे त्या जुन्या काळीच फुटले, ही जोडी तेव्हाच तयार झाली आणि नंतर वायू संपला, नवे तारे थांबले, तरी ती आपली फिरतच होती. मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, अशा टकरीत सोनं-प्लॅटिनम बनतं या बातम्यांपेक्षा कितीतरी जास्त. लहरींवरून जोडीचं एकूण वजन कळलं, सूर्याच्या २.७४ पट. अंतर कळलं. वय मात्र लहरीत लिहिलेलं नसतं. ते कळलं दीर्घिकेवरून. हीच टक्कर निळ्या, तरुण ताऱ्यांनी भरलेल्या सर्पिल हातात झाली असती तर जोडी कालची की युगायुगांपूर्वीची, हे सांगणं कठीण होतं. काहीही घडत नसलेली दीर्घिका होती म्हणून सांगता आलं.

जागाही बोलते. टकरीचा प्रकाश दीर्घिकेच्या केंद्रापासून साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर दिसला. (आपल्याला दिसतं ते आडवं अंतर, खरं त्याहून जास्त असू शकतं.) तारा फुटताना उरलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याला बऱ्याचदा जोराचा धक्का बसतो. धक्का फार मोठा असता तर एवढ्या अब्ज वर्षांत जोडी दीर्घिकेच्या बाहेर कुठेतरी भटकत गेली असती. ती आतच सापडली.

सापडली कशी तेही थोडं सांगते, कारण वर्तमानपत्रांत तो भाग दोन ओळींत उरकला होता. लहरी सुमारे शंभर सेकंद येत होत्या. त्या संपल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांची उसळी दिसली. तेरा कोटी वर्षांचा प्रवास आणि पोचण्यात फरक पावणेदोन सेकंदांचा! पण नेमक्या त्याच वेळी, लहरी टिपणाऱ्या लायगोच्या अमेरिकेतल्या दोन यंत्रांपैकी लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात खरखर झाली होती, टकरीच्या जेमतेम सेकंदभर आधी. ती बाजूला काढून लायगोची दोन आणि युरोपातलं व्हर्गो अशा तिन्ही यंत्रांच्या नोंदी जुळवून आकाशाचा नकाशा द्यायला पाच तास गेले. व्हर्गोत लहर जवळपास दिसलीच नाही, आणि तेच कामाला आलं. दिसली नाही म्हणजे ती व्हर्गोच्या आंधळ्या पट्ट्यातून आली असणार. त्यावरून शोधायची जागा तीसेक चौरस अंशांवर आली.

ऑगस्टमध्ये हा भाग सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ पश्चिमेला राहतो. चिलीत अंधार पडायची वाट बघणं आलं. लास कम्पानासची एक मीटरची स्वोप दुर्बीण वापरणाऱ्या गटाने सगळं तीस चौरस अंश आकाश चाळत बसण्याऐवजी सरळ यादी केली: या पट्ट्यात, लहरींनी सांगितलेल्या अंतरावर, कोणत्या दीर्घिका आहेत? मग एकेकीचे फोटो. नवव्या फोटोत एनजीसी ४९९३ आणि तिच्या शेजारी जुन्या फोटोंत नसलेला एक ठिपका. टकरीनंतर अकरा तासही झाले नव्हते. पुढच्या तासाभरात आणखी पाच गटांनी तोच ठिपका स्वतंत्रपणे टिपला. सुरुवातीला निळा, काही दिवसांत लाल, मग विझला. जड मूलद्रव्यांनी भरलेला ढग असाच वागायला हवा असं आधीच वर्तवलेलं होतं. २०१९ मध्ये त्याच्या वर्णपटात स्ट्रॉन्शियम या अशाच एका मूलद्रव्याची खूण ओळखली गेली.

वजाबाकी

ताई, लेखन झकास, पण "काहीही घडत नसलेली दीर्घिका" हे मला मान्य नाही. हबल दुर्बिणीचा फोटो नीट बघा. एनजीसी ४९९३ भोवती फिकट कवचं आहेत, एकाबाहेर एक, आणि केंद्राजवळ धुळीचे पट्टे. अशी कवचं शांतपणे बसून तयार होत नाहीत. तिने एक लहान दीर्घिका गिळलीय, आणि फार जुनी गोष्ट नाही ती, अब्ज वर्षांच्या आतली. मग न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी त्या गिळलेल्या दीर्घिकेतून आली नसेल कशावरून? किंवा विलीनीकरणाच्या धामधुमीतच ती जुळली असेल. असं म्हणणारे संशोधक आहेत.

शिवाय तिला काही लोक लंबवर्तुळाकारही म्हणतात. आपल्याला ती तबकडीच्या कडेकडून दिसत नाही, जवळजवळ गोल दिसते. मग भिंगाकृती हे नक्की कशावरून?

तिरकी नजर

कवचांबद्दल हरकत नाही, ती आहेत. "काहीही घडत नसलेली" हे मी ताऱ्यांच्या जन्माबद्दल म्हटलं, आणि त्या बाबतीत शब्द मागे घेणार नाही. वर्णपटात तरुण तारे नगण्य आहेत. टकरीच्या नेमक्या जागी तर ना तरुण तारे, ना एखादा गोलाकार तारकागुच्छ. गिळलेली दीर्घिका वायूने खच्चून भरलेली असती आणि तिच्यामुळे ताऱ्यांच्या जन्माचा मोठा भडका उडाला असता तर अब्जभर वर्षांत त्याची खूण पुसली जात नाही.

जोडी पाहुण्या दीर्घिकेतून आली असेल का? येऊ शकते. पण तिथेही तिचा जन्म विलीनीकरणाच्या वेळीच झाला असं मानायला कारण लागतं. आणि धामधुमीत जुळायचं म्हटलं तर दोन न्यूट्रॉन ताऱ्यांनी एकमेकांच्या पुरेसं जवळ येणं दीर्घिकेच्या मोकळ्या अंगणात फार दुर्मीळ. ते दाट तारकागुच्छात घडतं, आणि गुच्छ तिथे दिसत नाही. मी जुन्या जोडीच्या बाजूची.

भिंगाकृती की लंबवर्तुळाकार, हे समोरून दिसणाऱ्या दीर्घिकेत नेहमीच भांडणाचं असतं. कडेने दिसणारी असली तर काम सोपं. एनजीसी ३११५ बघा, चक्क चातीसारखी दिसते, लहान मूलही तबकडी दाखवेल. समोरून दिसणारीत केंद्रापासून बाहेर जाताना उजेड कसा उतरतो ते मोजावं लागतं. फुगवट्याचा उतार एक, तबकडीचा वेगळा. एनजीसी ४९९३ मध्ये फुगवट्याचं पारडं इतकं जड आहे की तबकडी लपते. पण तुमच्या वादाला यातून काही मिळत नाही, कारण दोन्ही वर्गांत तारे म्हातारेच.

रेडिओवाला

दीर्घिकेच्या गुळगुळीतपणाचा आणखी एक उपयोग झालाय, तो कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

लहरींवरून अंतर निघालं ४० मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं), पण चूक मोठी, वर आठ आणि खाली चौदा. याच दीर्घिकेचं अंतर दुसऱ्या वाटेने पडताळता आलं. जुन्या ताऱ्यांची, धूळ कमी असलेली दीर्घिका जवळ असेल तर फोटोत दाणेदार दिसते, लांब असेल तर सपाट. त्या दाणेदारपणाचं मोजमाप करून हबलच्या फोटोंवरून उत्तर आलं ४०.७ मेगापार्सेक, म्हणजे सुमारे १३ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं. सर्पिल दीर्घिकेत हात, धूळ, निळे गुच्छ हे सगळं मधे येतं, तिथे ही युक्ती धड चालत नाही.

आणि लहरींचं अंतर घेऊन, दीर्घिका विश्वाच्या प्रसरणामुळे सेकंदाला जवळपास ३,००० किलोमीटरने दूर जाते हे जोडून, हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर काढला: दर मेगापार्सेकमागे सेकंदाला ७० किलोमीटर, अधिक १२, उणे ८. चूक एवढी मोठी की या दराबद्दल चाललेल्या वादाचा निकाल लागत नाही, पण अंतराच्या कुठल्याही शिडीशिवाय, म्हणजे जवळच्या अंतरांवरून पायरीपायरीने लांबची न काढता मिळालेला आकडा आहे.

टकरीच्या जागी क्ष-किरण नवव्या दिवशी दिसले, रेडिओ लहरी सोळाव्या. मग रेडिओ तेज उतरायचं सोडून पाचेक महिने चढतच राहिलं. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्याही त्या काळात तिकडे वळलेल्या होत्या आणि कमी कंप्रतेची मोजमापं तिथून मिळाली. दृश्य दुर्बिणींना तेव्हा ही जागा सूर्याच्या आड होती. रेडिओला दिवस काय नि रात्र काय.

निरभ्र

तिघांचेही आभार. चौथ्या घाताने डोक्यातली गाठ सुटली. वजाबाकी यांचा मुद्दाही पटतोय थोडा, कवचांचे फोटो बघत बसलोय.

आता बाकी व्यवहाराचं. कोणता महिना चांगला? आणि तो साडेपस्तीस मिनिटांचा हिशोब साध्या घड्याळाचा की नाक्षत्र काळाचा, म्हणजे ताऱ्यांच्या फेरीवरून मोजलेल्या वेळेचा? ताऱ्यांचा दिवस चार मिनिटांनी लहान असतो म्हणून विचारतो.

वजाबाकी

नाक्षत्र. साध्या घड्याळाने सुमारे सहा सेकंद आधी येईल.

तिरकी नजर

सहा सेकंद सोडा. तुमच्या आयपीसचं क्षेत्र एक अंशाचं धरलं तर दीर्घिका त्यातून जायलाच चार मिनिटांहून जास्त घेते. पस्तिसाव्या मिनिटाला डोळा लावून तयार राहा, म्हणजे ती मधोमध येताना दिसेल. अंधाराची सवय झालेल्या डोळ्यांवर फोनचा उजेड पाडू नका. वेळ बघायला काटे चमकणारं घड्याळ बरं.

एप्रिलमध्ये ती मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात उंच असते, मे महिन्यात रात्री दहाच्या आसपास. अमावस्येच्या आगेमागे आठवडाभर सोय आहे. हस्ताची चौकट दक्षिणेला सरळ उभी राहायच्या थोडं आधी बीटा कॉर्व्ही पकडा, म्हणजे पाठोपाठ येणारी दीर्घिकाही उंचच मिळेल.